भिंतीकडे तोंड केलेली माणसं

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, एवढी साधी गोष्ट मनोहर बावीस वर्षं अमेरिकेत राहून विसरला, असं सुवर्णाचं म्हणणं. आणि बारा ओळी कांदा उघड्यावर पडलाय, संध्याकाळी पाऊस येणार आहे, हे बायकोला दिसत नाही, असं मनोहरचं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे सकाळी सहापासून स्वयंपाकघरात धुसफूस चालू होती.

"अहो, फक्त आजचा दिवस," सुवर्णा म्हणाली. "ट्रॅक्टर धुऊन ठेवलाय मी. पूजा होऊ दे. उद्या न्या ना."

"उद्या काय, चिखलातनं सडका कांदा वेचू? फोरकास्ट बघ जरा. दीड इंच दाखवतायत."

"मग माणसं बोलवा."

"बोलावली. शनिवारशिवाय कोणी अव्हेलेबल नाही."

"आणि छाती?"

"छातीला काय झालंय? गोळ्या घेतोय ना रोज," असं म्हणून त्यानं बूट चढवले. दोन वर्षांपूर्वी त्याला स्टेंट बसला होता. सुवर्णा फार्मसीत काम करायची, आठवड्यातले तीन दिवस औषधं मोजून लोकांना द्यायची, त्यामुळे त्या गोळ्या काय करतात आणि काय करू शकत नाहीत हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. हा माणूस एक दिवस शेतात एकटाच आडवा होणार आणि आपल्याला कळायचंसुद्धा नाही, ही भीती तिच्या पोटात तीन हंगाम घर करून होती. ती तिनं अनेकदा बोलून दाखवली होती. मनोहर नुसता हसायचा.

मनोहर मूळचा निफाडकडचा. बाप कांदा लावायचा, आजा कांदा लावायचा, आणि मनोहर शिकून न्यूजर्सीत पिस्कॅटवेला संगणकापुढे बसला. मग एका मंगळवारी सकाळी लॅपटॉप उघडला तर उघडेचना. फोनवर नोकरी गेल्याची मेल आली होती, खाली कुणाची सहीसुद्धा नव्हती. चार महिने तो घरात सोफ्यावर बसून होता. पाचव्या महिन्यात त्यानं न्यूयॉर्क राज्यातल्या या काळ्या मातीच्या खोऱ्यात अकरा एकर जमीन करायला घेतली. जमीन हॅलिना वोल्स्का नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या पोलिश म्हातारीची. शंभर वर्षांपूर्वी पोलंडहून आलेल्या लोकांनी दलदल उपसून हे खोरं लागवडीखाली आणलं होतं आणि तेव्हापासून इथं कांदा होता.

माती काळी, पण आपल्याकडची काळी नव्हे. ती हलकी, भुसभुशीत, दलदलीत शेकडो वर्षं कुजलेल्या पाल्याची. वारा सुटला की उडून दातांत येते, ओली झाली की ट्रॅक्टर गिळते. दर वर्षी थोडी थोडी खाली बसते. हॅलिनाच्या घराला, ज्याच्या अर्ध्या भागात हे दोघं भाड्यानं राहत, आधी दोन पायऱ्या होत्या, आता पाच. मनोहरला त्या मातीचं भारी कौतुक. सुवर्णाला ती माती आवडत नसे. माती आपल्यासाठी जागा करून ठेवतेय असं तिला वाटे, आणि असं वाटलं की ती स्वतःवरच चिडे.

ट्रॅक्टर गेला. सुवर्णानं नाक पुसलं, परातीत हळदकुंकू घेतलं आणि चाळीकडे निघाली.

चाळ हा मनोहरचा शब्द. इथले लोक शेड म्हणायचे. लांबलचक लाकडी कोठार, एका अंगाला कांद्याचे क्रेट आढ्यापर्यंत रचलेले आणि दुसऱ्या अंगाला भिंतभर चित्रं. त्या चित्रांमुळे सुवर्णा एकटी कधी चाळीत थांबत नसे.

सोळा फळ्या होत्या. फळ्यांवर माणसं रंगवलेली, कमरेपासून वर, समोर तोंड करून. विळा घेतलेला कापणीवाला. बीटाच्या शेतातली कुदळ खांद्यावर टाकलेली बाई, डोक्याला रुमाल. गुराखी. त्यांच्या मागं आभाळ अगदी चिंचोळं आणि जमीन छातीपर्यंत आलेली. हात चेहऱ्याएवढे मोठे, सांधे सुजलेले. आणि ती माती रंगाची नव्हती, हॅलिनाच्या बापानं तेलात खरी माती घोटून लावली होती. दमट दिवसांत चित्रांना वास यायचा.

म्हातारीनं मनोहरला सगळं सांगितलं होतं आणि मनोहरनं जेवताना सुवर्णाला. पूर्वी पोलंडात जमीनदार गेला की त्याचा जिवंतपणी काढलेला चेहरा शवपेटीच्या टोकाला ठोकत. रडायला जमलेल्या लोकांकडे मेलेला माणूस बघत राही. हॅलिनाचा आजा असे चेहरे रंगवायचा. एके वर्षी त्यानं जमीनदाराला सोडून त्याच्या कापणीवाल्याला समोर उभं केलं, गहू कापणाऱ्यालाही तोंड असतं म्हणाला. ते वेड घराण्यात उतरलं. बाप अमेरिकेला येताना काही फळ्या घेऊन आला, इथं कांद्यात राबणाऱ्यांची नवी चित्रं काढू लागला. बापामागं हॅलिना. या उन्हाळ्यात दर रविवारी तासभर मनोहर चित्रासाठी तिच्यासमोर उभा राहत होता.

"कशाला पण?" सुवर्णानं विचारलं होतं.

"बावीस वर्षं माझ्याकडे कोणी एवढा वेळ बघितलं नाही," मनोहर म्हणाला होता. तो हे अगदी सहज बोलला.

आज हॅलिना शेजारणीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. सुवर्णानं चाळ झाडली. खुरपी, कात्र्या, नांगराचा जुना फाळ, तराजू, सगळं धुऊन मांडलं. बांधावर तिनं निफाडहून आणलेल्या बियांचा झेंडू लावला होता, त्याच्या माळा केल्या. हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. माळा उरल्या.

मग तिची नजर भिंतीवर गेली. सोळांतल्या अकरा फळ्या समोर तोंड करून होत्या. पाच उलट्या, भिंतीकडे तोंड केलेल्या. धूळ बसू नये म्हणून असतील, असं तिला आधी वाटायचं. आज मात्र तिला ते बरं दिसेना. या जमिनीवर ज्यांनी घाम गाळला ती ही माणसं, आणि सणाच्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसलीत शिक्षा केल्यासारखी. माहेरी दसऱ्याला आजोबांच्या, पणजोबांच्या तसबिरी खाली काढून पुसायच्या, हार घालायचे. तिनं स्टूल ओढलं आणि पाचही फळ्या एकेक करून फिरवल्या.

पहिलीवर रुंद चेहऱ्याचा, जाड मिशांचा एक मेक्सिकन माणूस, हातात कांद्याची पात कापायची कात्री. पुढच्या दोन फळ्यांवर सारख्या नाकाचे भाऊ. चौथीवर तरुण बाई, केस बांधलेले, हनुवटी वर. आणि पाचवीवर मनोहर.

सुवर्णा स्टुलावरच उभी राहिली. म्हातारीचा हात आता थरथरायचा, तरी तिनं मनोहर बरोबर धरला होता. कोणी बघत नाही असं समजून तो जसा दिसतो तसा. थकलेला, खालचा ओठ जरा लोंबलेला. घरी आला की हाच चेहरा तो दारात उतरवून आत यायचा. तिनं पदरानं, म्हणजे ओढणीच्या टोकानं फळी पुसली. मनोहरच्या मागची माती ओली लागली. तिनं बोटं बघितली, ती काळी झाली होती.

नवरा जिवंत आहे, त्याला हार घालायचा नाही, एवढी अक्कल तिला होती. बाकीच्या पंधरांना तिनं झेंडूच्या माळा घातल्या. मनोहरला तसंच ठेवलं, समोर तोंड करून. इतक्या दिवसांनी तो आपल्याकडे नीट बघतोय, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं.

एकच्या सुमारास बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मनोहर जेवायला आला असेल म्हणून तिनं वळून पाहिलं, तर दारात एक म्हातारा. रुंद चेहरा, मिशा पांढऱ्या झालेल्या. डोक्यावरची हॅट काढून तो छातीशी धरून उभा होता.

तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

म्हातारा स्वतःच्या चित्रापाशी गेला. झेंडूच्या फुलाला त्यानं बोट लावलं. मग एका पालथ्या क्रेटवर सावकाश बसला.

"आजच का, सेन्योरा?" त्यानं विचारलं.

"मला माफ करा," सुवर्णा इंग्रजीत म्हणाली. "तुम्ही... मला वाटलं ही सगळी जुनी माणसं आहेत. गेलेली."

"माझं नाव एलादियो. तीस वर्षं इथं पात कापली. मिडलटाउनला मुलीकडे असतो." तो इंग्रजी सावकाश, शब्द तोलून बोलायचा. "सकाळी अंडी खात होतो. एकदम कोणीतरी खांद्याला धरून मला वळवलं असं वाटलं. भिंतीकडे तोंड करून छान झोपलो असावं आणि कोणीतरी उठवावं, तसं. मुलगी म्हणाली, बाबा, असे कुठं बघताय? मी म्हटलं, चाळीत कोणीतरी आहे. मग आलो."

सुवर्णानं फिरवलेल्या फळ्यांकडे पाहिलं.

"सेन्योरा वोल्स्कानं सांगितलं नाही तुम्हाला?" त्यानं विचारलं. "भिंतीकडे तोंड म्हणजे माणूस जिवंत आहे. तो गेला की त्याच्या माणसानं फळी फिरवायची, आणि त्याच्याजवळ बसायचं. आणि ही फुलं. आमच्याकडे ही फुलं आम्ही फक्त मेलेल्यांना घालतो."

"आमच्याकडे सणाला घालतात," ती कशीबशी म्हणाली.

"सुंदर आहेत," एलादियो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची नजर पाचव्या फळीवर गेली. "हा कोण?"

"माझा नवरा."

"कुठं आहे तो?"

तेव्हा सुवर्णाच्या ध्यानात आलं की ट्रॅक्टरचा आवाज बराच वेळ एकाच जागेवरून येतोय. पुढं नाही, मागं नाही. एकाच जागी घरघर.

"चला," एलादियो उठला. ऐंशीला टेकलेला माणूस, पण पिकअपपर्यंत तिच्या आधी पोचला.

मागच्या आठवड्याच्या पावसानं वाट मऊ झाली होती. एलादियोनं चाकोरी सोडून गाडी सरळ गवतात घातली. सुवर्णा ओरडली, पण चाकं रुतली नाहीत. "खाली फळ्या आहेत," तो म्हणाला. "सत्त्याऐंशी साली मीच पुरल्यात." दूर टोकाला, पाण्याच्या चराजवळ ट्रॅक्टर उभा होता. मनोहर मागच्या चाकाला टेकून बसला होता. मांडीवर क्रेट, क्रेटमध्ये कांदे. डावा हात जबड्याशी. चेहरा काळ्या मातीनं माखलेला आणि घामानं त्यात ओघळ पडलेले. खालचा ओठ लोंबला होता. सुवर्णानं तो चेहरा तासाभरापूर्वीच पुसला होता.

"अहो," ती गुडघ्यांवर पडली. "बोला ना माझ्याशी."

"क्रेट... जड आहे गं," मनोहर म्हणाला.

तिनं क्रेट ढकलून दिला. खिशातल्या डबीतून ॲस्पिरिन काढलं, त्याला चावायला लावलं. 911 ला फोन केला. ॲम्ब्युलन्स मोठ्या रस्त्यावरच थांबेल, शेतात उतरणार नाही, हे एलादियो आधीच म्हणाला होता आणि तसंच झालं. दोघांनी मनोहरला ओढत, उचलत पिकअपच्या मागं चढवलं. त्याचं डोकं सुवर्णाच्या मांडीवर होतं. चाळीसमोरून जाताना उघड्या दारातून झेंडूचा पिवळा रंग दिसला. एकच मिनिट थांबून ती फळी फिरवून येऊ का, असा विचार तिच्या मनात खरोखर आला. मग तिला स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर लोकांना औषधं देणारी बाई मी, आणि काय हे.

हॉस्पिटलात मनोहरला थेट आत नेलं. कागदांवर सह्या झाल्या. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण नीट बोलल्या. मुख्य रक्तवाहिनी बंद झालीय, उघडायचा प्रयत्न करतोय, अजून वीस मिनिटं उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. पुढचा एक तास काय ते ठरेल. एवढं बोलून त्या दारामागं गेल्या.

सुवर्णा खुर्चीवर बसली. नखांत काळी माती होती. ती टिशूनं काढत राहिली, निघेना. समोर टीव्हीवर कोणीतरी केक करत होतं. शेवटी तिनं हॅलिनाला फोन लावला.

"मिसेस वोल्स्का, चाळीत जा. मनोहरची फळी भिंतीकडे फिरवा. प्लीज. आत्ता."

पलीकडे म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. ती चाळीतच उभी असावी.

"मी फिरवली तर ती नुसती लाकडाची फळी," हॅलिना म्हणाली. "ज्यानं फिरवली, त्यानंच परत फिरवायची. माझे वडील याबाबत फार कडक होते." मग थोड्या वेळानं, "माझीही फिरवलीस. विचारलंसुद्धा नाहीस."

ती हनुवटी वर केलेली तरुण बाई. आत्ता सुवर्णाच्या डोक्यात प्रकाश पडला.

आता काय करायचं? आत नवरा मरणाच्या दारात, आणि आपण पस्तीस मिनिटं गाडी हाकून लाकूड फिरवायला जायचं? आणि तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, आणि बायको जागेवर नाही? रेडमंडला आरोहीला, मुलीला, फोन करावा तर ती म्हणेल, आई, आर यू क्रेझी? बरोबरच म्हणेल. सुवर्णा दोनदा उठली आणि दोनदा बसली. तिला मनोहरचा तो ओठ आठवला. तिसऱ्यांदा ती उठली आणि सरळ पार्किंगमध्ये गेली. एलादियो पिकअप चालू ठेवूनच बसला होता.

"मला वाटलं होतं तुम्ही याल," तो म्हणाला.

वाटेत पावसाला सुरुवात झाली. सुवर्णा फोन हातात घट्ट धरून बसली होती, तो वाजू नये आणि वाजावा असं दोन्ही तिला वाटत होतं.

चाळीत हॅलिना काठीवर रेलून उभी होती. दिवे लावलेले होते. भिंतीवरच्या सगळ्या फळ्यांवरची माती काळीभोर ओली झाली होती आणि वास इतका आला की शेतच आत शिरलंय असं वाटावं. मनोहरच्या फळीवरची माती त्याच्या छातीवर चढली होती. सकाळी ती कमरेशी होती, सुवर्णा शपथेवर सांगू शकली असती. का तिनं पुसताना पसरली होती? तिनं विचार केला नाही. स्टुलावर चढली, दोन्ही हातांनी फळी धरली. ती चार माणसांइतकी जड लागली. खांद्याचा सांधा कटकन वाजला, पण फळी फिरली आणि मनोहरचं तोंड भिंतीकडे झालं. मग दोघे भाऊ. मग हॅलिना, तिची माळ काढून.

"धन्यवाद," हॅलिना कोरडेपणानं म्हणाली.

एलादियोच्या फळीला तिनं हात घातला, तर त्यानं खालून तिचं मनगट धरलं. त्याचा हात चित्रातल्याइतकाच मोठा होता.

"ही राहू द्या, सेन्योरा."

"का? नाही. असं कसं राहू द्यायचं?"

"पाच जणांना हाक मारलीत. पाचांपैकी एकानंही ओ दिली नाही, तर ती हाक चाळीतच फिरत राहील. मला एकोणऐंशी झाली. बायको मेक्सिकोत, पुएब्लात पुरलीय. आणि खरं सांगू? कोणी फुलं घालेल असं मला वाटलं नव्हतं. मुलगी चांगली आहे, पण तिला यातलं काही कळत नाही." तो हसला. "तुमच्या नवऱ्याला अजून कांदा काढायचाय."

सुवर्णा रडायला लागली. तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणूनच रडू येत होतं. तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. रक्तवाहिनी उघडली, मनोहर शुद्धीवर आहे, बायको कुठं आहे विचारतोय.

रविवारी मनोहरला घरी सोडलं. हॉस्पिटलात त्यानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि हसलाही होता, पण पूर्वीसारखं नाही. शेतातल्या बारा ओळी पावसानं गेल्या, त्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. गाडी घरापाशी आली तेव्हा तो म्हणाला, "त्यांना भेटू या आधी. थँक्स तरी म्हणतो."

एलादियो चाळीत होता. गुरुवारपासून रोज सकाळी यायचा, मुलगी सोडून जायची. भिंतीला पाठ टेकून, बरोबर स्वतःच्या चित्राखाली, पालथ्या क्रेटवर बसून तो कांद्याची पात कापत होता. कात्री न थांबता चालत होती. वरचा चेहरा दाराकडे बघत होता आणि खालचा कांद्याकडे.

मनोहर त्याच्यापुढं गेला. नमस्कार करावा का हात मिळवावा हे त्याला कळेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. एलादियोनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जा, झोप," तो म्हणाला. "तुझं तोंड अजून पांढरं आहे."

मनोहर घराकडे निघाला. सुवर्णा त्याच्या मागं चालू लागली, तेव्हा कात्रीचा आवाज थांबला.

"सेन्योरा," एलादियो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "आज तुम्हाला वेळ आहे का?"

सुवर्णा दारात थांबली. बाहेर मनोहर एकेक पायरी चढत होता, कठड्याला धरून, पण स्वतःच्या पायांनी. पाचवी पायरी चढून तो आत गेलेला तिनं पाहिला. मग ती परत वळली, एक क्रेट पालथा घातला, एलादियोच्या शेजारी बसली आणि दुसरी कात्री उचलून कांदा हातात घेतला. त्याची फळी तिनंच फिरवली होती. किती वेळ बसायचं, हे तिनं विचारलं नाही.